एकाच कमिटवर दोनदा टेस्ट कशाला?

गिटहबवर पुल रिक्वेस्टखाली (आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीखाली) त्याच टेस्टची नावं दोनदा दिसतायत? मग गिटहब ॲक्शन्सच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) वर्कफ्लो फाइलमध्ये ‘ऑन’खाली, म्हणजे टेस्ट कधी सुटायच्या तिथे, काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे ‘पुश’ आणि ‘पुल रिक्वेस्ट’ दोन्ही मोकळे सोडले असतील, तर त्याच रिपॉझिटरीतल्या ब्रांचवरच्या प्रत्येक पुशला (कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, गिटहबवर पाठवले की) दोन रन, म्हणजे टेस्टच्या दोन फेऱ्या, सुटतात. ‘पुश’ फक्त मेन ब्रांचपुरता ठेवा, निम्मा पसारा तिथेच आवरतो.

दुसरी सवय आपलीच: पुश केलं, टायपो दिसला, पुन्हा पुश. जुना रन मात्र बिचारा चालूच. त्यासाठी ‘कन्करन्सी’ (एका वेळी एकच रन चालू ठेवणारी सेटिंग) ग्रुपला वर्कफ्लो आणि ब्रांचचं नाव द्या आणि ‘कॅन्सल-इन-प्रोग्रेस’ ट्रू करा; नवा कमिट आला की जुना रन आपोआप थांबतो. डिप्लॉयच्या (कोड प्रत्यक्ष सर्व्हरवर चढवणाऱ्या) वर्कफ्लोला मात्र हे लावू नका, अर्धवट डिप्लॉय निस्तरणं फार महागात पडतं.

नुसतं रीडमी बदललं तर टेस्ट नकोत म्हणून ‘पाथ्स-इग्नोर’ वापरता येतं. पण त्याच टेस्टची चेक मर्जसाठी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्यासाठी) सक्तीची असेल, तर ती ‘पेंडिंग’वर अडकते आणि मर्जचं बटण काही उघडत नाही. यात मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय.