जुनी गाडी लांबच्या प्रवासाला काढताय? आधी या चुका टाळा

‘गाडी बारा वर्षांची आहे, दीड हजार किलोमीटर नेली तर चालेल का?’ या प्रश्नाला वयावरून उत्तर देता येत नाही. दोन लाख किलोमीटर पळालेली, पण बेल्ट, पाइप आणि तेलं वेळच्या वेळी बदललेली गाडी बिनधास्त न्यावी. उलट, वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या, बहुतेक वेळ उभ्या असलेल्या गाडीबद्दल जास्त सावध राहावं. तिचे टायर कडक झालेले असतात, रबरी सील सुकलेले असतात, ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम झालेल्या असतात आणि बॅटरी आतून बसत चाललेली असते. ‘रीडिंग कमी आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

‘रोज चालवतो, काही त्रास नाही’

ही सगळ्यात मोठी चूक. रोजच्या वीस मिनिटांच्या फेरीत इंजिनवर फारसा ताण येत नाही. लांबच्या रस्त्यावर तेच इंजिन भरल्या गाडीनिशी, एसी लावून, तासन्‌तास एका वेगात चालतं. मग घाट लागतो. तिथे भार सर्वांत जास्त आणि वेग कमी असतो, म्हणजे रेडिएटरमधून वाराही कमी जातो. अर्धा चोंदलेला रेडिएटर रोजच्या फेरीत वर्षभर लपून राहतो आणि नेमका घाटात उघडा पडतो.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी खरी चाचणी घ्या. प्रवासात असतील तेवढी माणसं, तेवढंच सामान, एसी चालू आणि सलग दीडशे किलोमीटर. त्यात एक लांब चढ हवाच. परत आल्यावर इंजिन बंद न करता, एसी चालू ठेवून पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा. वेगात किंवा चढावर गरम होत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटकडे (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणारा झडपेसारखा भाग) बघा. उभी असताना गरम होत असेल तर आधी पंखा, त्याचा रिले आणि सेन्सर तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, खाली जमिनीवर डाग पडलेत का ते पाहा आणि ऑइल व कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी मोजा. कूलंटच्या टाकीवर चाचणीआधी गाडी थंड असताना मार्करने रेघ मारून ठेवली असेल, तर अंदाजावर काम चालत नाही.

कूलंट कमी झालं की पाणी ओतणं

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची कहाणी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. एखाद्या क्लिपपाशी बारीक गळती असते. टाकीतली पातळी आठवड्याला बोटभर उतरते, मालक नळाचं पाणी टाकत राहतो. काही महिन्यांत आत कूलंट नावापुरतं उरतं. त्यातच रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झालेली असते. हे झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकणाने दाब सोडला की हे वीस अंशांचं संरक्षण गेलं. घाटात तापमान १०५ वर पोचतं, पाणी उकळतं आणि ओव्हरफ्लोतून बाहेर पडतं.

पुढचा टप्पा सर्वांत घातक असतो. पाण्याची पातळी तापमानाच्या सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर कोरडा पडतो आणि डॅशबोर्डवरचा काटा चक्क खाली येतो. चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. तो आणखी पाच किलोमीटर दामटतो आणि तेवढ्यात इंजिनचा वरचा ॲल्युमिनियमचा भाग, म्हणजे हेड, वाकतो आणि त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं. एका क्लिपचं आणि एका झाकणाचं काम इंजिन उघडण्यावर येतं. वर चढलेला काटा एकदम पडला, तर लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

काट्यावर तसाही फार विश्वास नको. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तापमान बरंच वरखाली झालं तरी हलत नाही. गाडीला ओबीडी पोर्ट (इंजिनची माहिती वाचण्याची खाच) असेल तर छोटा स्कॅनर लावून खरा आकडा बघा. चाचणीभर तो डोळ्यांसमोर असावा.

उपाय सोपा आहे. दहा वर्षांवरच्या गाडीत झाकण न तपासताच नवीन टाका, कारण ते किरकोळ किमतीचं असतं. वरचा, खालचा आणि हीटरचा होज पाइप गाडी थंड असताना दाबून बघा. टोकापाशी मऊ पडलेला, फुगलेला किंवा दाबताच आत करकरणारा पाइप बदलायचा आणि सोबत क्लिपही नवी. कूलंट पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं भरा, आणि आतली हवा नीट काढा. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असं धरू नका. दोन वेगळे प्रकार मिसळले तर आत गाळ धरू शकतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही’ हा सल्ला देणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. अनेक इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करण्याचं कामही थर्मोस्टॅटच करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात येतं. म्हणजे सपाटीवर इंजिन थंड चालून पेट्रोल पितं आणि घाटात पुन्हा गरम होतं. नवा टाका, जुना काढून मोकळं होऊ नका.

वाटेत तापमान चढू लागलंच तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि जागा मिळताच थांबा. झाकण किमान तासभर उघडू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग

उघडलेलं प्रत्येक काम नव्या चुकीला वाव देतं. ड्रेन बोल्ट सैल राहतो, जुन्या ऑइल फिल्टरचं वॉशर चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर बसतो, चाकाचे नट अर्धवट आवळले जातात. या चुका पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये दिसतात, त्या घराजवळ दिसू द्या. चाकं काढली असतील तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा. घाईत, ‘उद्या पहाटे निघायचंय’ म्हणत केलेलं काम चांगल्या मेकॅनिकच्या हातूनही बिघडतं.

टायरची फक्त नक्षी बघणं

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की दरवर्षी बारकाईने तपासा, दहानंतर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. अनेक देशांत १.६ मिलिमीटर खोलीपर्यंत टायर कायद्याने चालतो, पण भर पावसात लांब जायचं तर तीनच्या खाली नको. हवा थंड टायरमध्ये आणि भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. तो सहसा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. ‘लांब जायचंय, टायर तापतील’ म्हणून हवा कमी ठेवणं साफ उलटं आहे. कमी हवेने टायरची बाजू सतत दुमडत राहते, तीच तापते आणि तिथेच टायर फुटतो. स्टेपनीचं वय आणि हवाही तपासा. जॅक, पाना आणि लॉक नटची चावी घेऊन एकदा चाक खोलून बघा.

टायमिंग बेल्टची नोंद नसणं

टायमिंग बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवतो. असा बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर बदललाच नाही असं समजा. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) हेही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही.

ब्रेक ऑइल विसरणं

ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि पॅडल फरशीला लागतं. दोन वर्षांनी बदला आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा.

बाकीच्या

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने पुसून निघू नका. बिघाड तसाच राहतो आणि मेकॅनिकला लागणारी माहिती मात्र जाते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर ती चार्ज करून तपासून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. ऑइल किती खातं ते आधी मोजा. हजार किलोमीटरला लिटरभर जात असेल तर कारण शोधल्याशिवाय लांब नेऊ नका. कॅरिअरवर सामान रचण्याआधी छताची वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये बघा.

जायचं की नाही?

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा गोडसर धूर, ब्रेक लावताना एका बाजूला ओढ, चढावर घसरणारा क्लच, स्टिअरिंगमध्ये खडखडीसह ढिलेपणा. यातलं एकही असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत दुसरी गाडी बघा. आणि दुरुस्तीनंतर तेच दीडशे किलोमीटर, तेवढ्याच वजनाने, पुन्हा चालवा.