‘बेणारे कोर्टाला उत्तर देते’ असे लिहिण्यापूर्वी

एम.ए. मराठीला नाटकाची अभ्यासपत्रिका घेतली की अंतर्गत मूल्यमापनात बहुधा एक काम वाट्याला येते : नेमलेली नाटके वाचून प्रत्येकावर दोन-तीन पानांचा स्वतःचा प्रतिसाद लिहून द्यायचा. गुण थोडे असल्यामुळे बहुतेक जण हे काम सत्राच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, समारोप असा शाळेपासून अंगवळणी पडलेला साचा काढून त्यात नाटकाचे नाव तेवढे बदलतात. मी त्यातूनच गेलो आहे, आणि आजही नवे नाटक हातात घेतले की तो साचा आपोआप पुढे येतो. त्यामुळे हे लेखन जाणकाराचे न मानता, तुमच्याआधी ठेच लागलेल्या विद्यार्थ्याचे मानावे.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात आले, हे सर्व तुम्हाला ठाऊक आहे आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक आहे. प्रतिसादाचे पहिले पान त्यावर खर्च करू नका. तुम्ही नाटक वाचलेले नाही असा संशय येण्यास तेवढे एक पान पुरते.

आता ज्या सापळ्यासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे 1967 मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असते (एक हौशी नाटकमंडळी खेळ म्हणून खटला मांडते आणि तो त्यांच्यातल्याच लीला बेणारेवर उलटतो), आणि त्यावरच्या दर दुसऱ्या प्रतिसादात एक वाक्य असते : ‘शेवटच्या प्रदीर्घ स्वगतात लीला बेणारे कोर्टाला सडेतोड उत्तर देते.’ माझ्याही वहीत ते होते, त्याखाली दुहेरी रेघही होती. ते वाक्य चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे पुस्तकातच छापलेले असते. फक्त ते कंसात असते आणि कंसातला मजकूर आपण वाचत नाही. न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला मोजके क्षण देतात, ती बोलू लागते, त्याबरोबर बाकीची सगळी पात्रे जागच्या जागी थिजतात. ती जे बोलते ते तिच्या आणि प्रेक्षकांच्याच मधले असते. सुखात्मे ते ऐकत नाहीत, पोंक्षे ऐकत नाही, मिसेस काशीकर ऐकत नाहीत. स्वगत संपल्यावर मंडळी पुन्हा हलू लागतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तिने तोंडही उघडलेले नसते, आणि खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. एवढी एक गोष्ट लक्षात आली की संपूर्ण नाटकाविषयीचे मत बदलते. बेणारेने सगळ्यांची तोंडे बंद केली, या समाधानात आपण पुस्तक मिटलेले असते. प्रत्यक्षात ते समाधान नाटकाने आपल्याला दिलेलेच नसते, ते आपण आपल्या सोयीने घेतलेले असते.

हे मी जरा जास्तच ताणून सांगतो आहे याची मला कल्पना आहे, तरी आणखी थोडे सांगतो, कारण इथेच सर्वाधिक विद्यार्थी घसरतात. कादंबरीत निवेदक आपल्याला सांगतो की अमुक गप्प बसला होता, तमक्याच्या कपाळावर आठी पडली. नाटकात असे सांगणारा कोणी नसतो. संवाद ज्याच्या नावापुढे छापला आहे तेवढाच माणूस आपल्याला दिसतो आणि त्याच वेळी मंचावर उभी असलेली इतर माणसे डोळ्यांसमोरून पुसली जातात. म्हणून वाचताना प्रत्येक प्रवेशाच्या समासात पेन्सिलीने दोन प्रश्नांची उत्तरे लिहीत जावे : या क्षणी मंचावर कोण कोण आहे, आणि हे वाक्य कोणाच्या कानावर पडते आहे. पहिले नाटक असे वाचताना जीव मेटाकुटीला येतो, एका अंकाला संध्याकाळ जाते. जाऊ द्या. दुसऱ्या नाटकापासून हात बसतो.

याच नाटकाच्या सुरुवातीला, बाकी मंडळी येण्यापूर्वी, बेणारे आणि त्या गावातला सामंत सभागृहात येतात. दाराच्या कडीत तिचे बोट चेमटते. ही कडी नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकून पडतो, असे सामंत तिला समजावून सांगतो. पहिल्या वाचनात हा प्रसंग वेळकाढू वाटतो. पुढे आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटण्यासाठी ती पर्स उचलून दाराशी जाते तेव्हा दार उघडत नाही, आणि मग मिसेस काशीकर तिला ओढत परत आणतात. कडी, बोट, दार : यांतल्या एकाचाही उल्लेख कोणत्याही गाइडमधल्या ‘पात्रचित्रण’ या मथळ्याखाली सापडणार नाही. सामंताने पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट अखेर कोणापाशी ठेवला जातो, तेही एकदा पाहून घ्या. माझ्या मते तुमच्या प्रतिसादाचा विषय अशाच ठिकाणी असतो. ‘स्त्रीजीवनाची शोकांतिका’ या शब्दांत तो नसतो, कारण ते शब्द नाटक न वाचताही लिहिता येतात.

‘एकच प्याला’ वाचताना अडचण निराळी येते. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभरात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची सोशिक बायको सिंधू, तिच्या भूमिकेत बालगंधर्व होते. आजचा विद्यार्थी ते वाचतो आणि सिंधूवर चिडतो. हे चिडणे लपवू नका. ‘सिंधू ही आदर्श पतिव्रता आहे’ हे वाक्य आजोबांच्या काळातले आहे आणि ‘सिंधू ही पितृसत्तेची बळी आहे’ हे वर्गात ऐकलेले आहे. दोन्ही उसनी आहेत. तुम्ही चिडलात कुठे, नेमक्या कोणत्या वाक्याला पुस्तक बाजूला ठेवलेत, ते आधी शोधा. मग त्याच नाटकातल्या गीतेकडे पाहा. तीही दारुड्याचीच बायको आहे, पण तिची जीभ धारदार आहे आणि नवऱ्याचे पाप ती पदराखाली झाकत नाही. तळीरामाच्या घरची गीता आणि सुधाकराच्या घरची सिंधू यांना एकाच नाटकात समोरासमोर ठेवणारा नाटककार सिंधूखेरीज दुसरी बाई त्याला ठाऊकच नसल्यासारखा वाचला जातो, हा आपल्या वाचनाचा दोष आहे. शेवटी मरणाच्या दारात असलेली सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटे बोलते, तेव्हाही समासातला तोच प्रश्न विचारा : हे कोण ऐकत आहे? सुधाकर ऐकत आहे. तो प्रसंग सिंधूच्या त्यागाचा म्हणून सर्वत्र सांगितला जातो, पण मला तो ते ऐकणाऱ्या सुधाकराचा वाटतो. हे माझे मत आहे. तुम्ही ते उचलून लिहिलेत तर तेही उसनेच होईल.

आणि आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशांना हसू आले तर तसे लिहा. दारूच्या दुष्परिणामांवरचे नाटक म्हणून गंभीर चेहऱ्याने वाचण्याची सक्ती कोणी केलेली नाही. उलट आपण ज्या तळीरामाला हसलो त्यानेच पहिला प्याला पुढे केला होता, ही अस्वस्थता दोन पानांना पुरते. सुधाकराचा मित्र रामलाल याच्या लांबलचक भाषणांचा मात्र खरोखर कंटाळा येतो. तो आला, हेही लिहायला हरकत नसते, फक्त कुठे आणि कशामुळे ते दाखवता आले पाहिजे. रामलालचे वाक्य उचलून ‘गडकरी म्हणतात’ असे लिहिणे तर कटाक्षाने टाळावे.

नटसम्राटाच्या बाबतीत मी फटकळपणे सांगतो. शिरवाडकरांचे नाटक 1970 चे आहे. गोवा हिंदू असोसिएशनने ते आणले आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यात अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. त्यावरचा चित्रपट 2016 चा आहे. चित्रपटात अप्पांचा रामभाऊ नावाचा मित्र आहे; तो नाटकात नाही. दर वर्षी कोणी ना कोणी रामभाऊवर परिच्छेद लिहितो आणि तपासणाऱ्याला पुढचे काही वाचावेच लागत नाही. चित्रपट पाहू नये असे माझे म्हणणे नाही, मला तो भावला होता. पण प्रतिसाद लिहून होईपर्यंत थांबा. या नाटकाची दुसरी पंचाईत अशी की त्यातली स्वगते आपण वक्तृत्व स्पर्धांमध्ये इतकी ऐकलेली असतात की पानावर ती आली की डोळे वरून घसरत जातात. त्यावर उपाय तोच. अप्पा शब्दांचे डोंगर रचत असतात तेव्हा ‘सरकार’, म्हणजे त्यांची पत्नी कावेरी, काय करीत असते ते पाहा. ती फार थोडे बोलते, आणि मुलांच्या घरी आपले स्थान काय झाले आहे हे तिला अप्पांच्या कितीतरी आधी कळलेले असते. ती गेल्यानंतर अप्पांचे बोलणे ऐकायला उरतो तो बूटपॉलिश करणारा राजा.

संगीत नाटकांविषयी थोडक्यात. ‘सौभद्र’ दुपारी दोन तासांत वाचून ‘यात काहीच घडत नाही’ असे वाटले तर घाबरू नका, ते सर्वांना वाटते. पद चार ओळींचे छापलेले असते आणि गाणारा ते मनसोक्त आळवीत राहतो. तेवढा वेळ नाटक थांबत नसते, पात्राच्या मनातली हालचाल तिथे चाललेली असते. निदान दोन-तीन पदे ऐकल्यावाचून लिहायला बसू नये. ‘शारदा’ वाचताना एक इशारा : देवलांचे नाटक 1899 चे आहे, तर बालविवाह रोखणारा ‘सारडा कायदा’ 1929 चा, आणि त्याचे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले आहे. नाटकातल्या शारदेवरून कायद्याला नाव मिळाले, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की छापील टिपणांतही ते आढळते. त्यापेक्षा कोवळ्या शारदेशी लग्न करू पाहणाऱ्या म्हाताऱ्या भुजंगनाथाची टर उडवताना ‘म्हातारा इतुका’ हे पद किती खेळकर आहे आणि ज्या मुलीचे आयुष्य पणाला लागले आहे तिला ते कसे ऐकू येत असेल, यावर लिहा.

मार्गदर्शकांविषयी माझे मत जरा एकांगी आहे. नाटक वाचण्याआधीच त्याचा ‘आशय’ सांगून टाकणारे शिक्षक विद्यार्थीप्रिय असतात, नोट्सही नेटक्या देतात, आणि त्यांच्या तासानंतर नाटक स्वतःच्या नजरेने वाचणे जवळजवळ अशक्य होते. मला एका वरच्या वर्गातल्या मुलीचा अधिक उपयोग झाला. मी काहीही मत मांडले की ती फक्त ‘कुठे आहे ते?’ एवढेच विचारायची आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवायची. असे छळणारे माणूस मिळाले तर सोडू नका. न मिळाल्यास तिघे-चौघे जमून भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. ज्याच्या वाट्याला ‘शांतता!’मधला बाळू रोकडे येतो त्याला दोन पाने नुसते बसून राहावे लागते, आणि मग गप्प पात्राविषयी वेगळे शिकवावे लागत नाही. मोबाइलवर मिळणारे आयते सारांश वाचून वेळ वाचतो हे खरे. पण तोंडी परीक्षेत ‘हे वाक्य तो कोणाला म्हणतो?’ असा साधा प्रश्न आला की त्या वाचलेल्या वेळेची भरपाई करावी लागते.

भाषा अडली म्हणून खचून जाऊ नये. गडकऱ्यांच्या कोट्या आणि खाडिलकरांची पल्लेदार वाक्ये पहिल्या वाचनात पूर्ण कळत नाहीत, आणि कळल्याचा आव आणणाऱ्यांनाही त्या कळलेल्या नसतात. न कळलेल्या जागांवर खूण करा, पुढे जा, अंक संपल्यावर मागे या.

‘घाशीराम कोतवाल’ शक्यतो शेवटी घ्या. तेंडुलकरांच्या 1972 च्या त्या नाटकातल्या नाना फडणविसांच्या चित्रणावरून उठलेला वाद इतका प्रसिद्ध आहे की प्रतिसाद वादावरच संपतो आणि नाटकाचा उल्लेख तोंडी लावण्यापुरता उरतो. शिवाय पानावर ते विरळ वाटते, कारण त्याचा निम्मा भाग ब्राह्मणांच्या रांगेने आपल्या शरीरांनी उभा केलेला आहे : रांग गाते, डुलते, पाठ फिरवते, भिंत होते, वाट मोकळी करते. समासातल्या प्रश्नाला इथे बहुतेक पानांवर एकच उत्तर येते, की सगळे जण तिथेच आहेत आणि सगळे पाहत आहेत. आधीची तीन-चार नाटके पेन्सिल घेऊन वाचलेली असतील तर हे उत्तर लिहिताना तुम्ही आपोआप थांबाल. तिथूनच प्रतिसादाला सुरुवात करा आणि वादासाठी शेवटचा अर्धा परिच्छेद ठेवा.