वापरलेले जुने टपाल तिकीट कसे ओळखावे आणि त्याची किंमत कशी ठरवावी

नौपाड्यातले जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडावी, आजोबांची पत्रे निघावीत आणि त्यांवरची तिकिटे पाहून कुणीतरी लगेच लाखाचा आकडा काढावा, हे ठाण्यातल्या अनेक घरांत घडते. तिकिटाची किंमत त्याच्या वयावर नव्हे, तर ते किती दुर्मिळ आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि त्याला मागणी किती आहे यांवर ठरते. म्हणून आधी ओळख पटवावी आणि किमतीचा विचार त्यानंतर करावा.

तिकीट पाकिटावर असेल, तर ते काढू नये. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, कारण इथे झालेली चूक पुन्हा दुरुस्त होत नाही. भारतीय रेल्वेच्या शताब्दीनिमित्त १६ एप्रिल १९५३ रोजी निघालेले दोन आण्यांचे तिकीट घ्या. १८५३ आणि १९५३ची इंजिने दाखवणारे हे तिकीट सुटे असेल, तर सहज मिळणारे आहे. पण तेच तिकीट मूळ पाकिटावर असेल आणि त्यावर त्या काळच्या इंग्रजी हिज्ज्यातील ‘ठाणा’ हे नाव व तारीख असलेला स्वच्छ शिक्का उमटलेला असेल, तर बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासाचा इतिहास जपणाऱ्या संग्राहकाला त्या पाकिटाचे मोल वेगळेच वाटेल. मी शाळेत असताना अशी कितीतरी पाकिटे कात्रीने कापली आणि शिक्के अर्धे केले. त्याची हळहळ आजही वाटते.

पाकीट आधीच कापलेले असेल आणि शिक्काही अपुरा असेल, तरच तिकीट कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. ते आपोआप सुटू द्यावे, नखाने ओढू नये, आणि मग टीपकागदात दाबून वाळवावे. रंगीत पाकिटाचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून असे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवावेत.

यानंतर भिंगाखाली मजकूर वाचावा. ‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ अशी अक्षरे असतील, तर तिकीट साधारणपणे १८८२च्या आधीच्या मालिकेतले असते. त्यानंतर नुसते ‘इंडिया’ येते. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेले साडेतीन आण्यांचे, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. किंमत आणे-पैंमध्ये आहे की ‘नये पैसे’मध्ये, हेही पाहावे, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. शिक्क्यात पिनकोड दिसला, तर ते टपाल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे आहे. ‘सर्व्हिस’ असे वर छापलेले तिकीट सरकारी टपालाचे असते, तर पतियाळा किंवा ग्वाल्हेर असे नाव छापलेले तिकीट त्या संस्थानाचे असते. त्यांची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांची यादी आणि भाव देणाऱ्या पुस्तकात, स्वतंत्रपणे शोधावी.

खरी परीक्षा जुळ्यासारख्या दिसणाऱ्या तिकिटांची असते. १९४९च्या पुरातत्त्व मालिकेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची प्रतिमा उलटी छापली गेली होती आणि १९५०मध्ये ती सुधारण्यात आली. रंग तोच आणि किंमतही तीच, त्यामुळे पुढे केलेला हात डावा आहे की उजवा, हे पाहिल्याशिवाय दोन्ही तिकिटे वेगळी ओळखता येत नाहीत. जलचिन्हाचेही तसेच आहे: तिकीट उजेडासमोर धरले की कागदात कधी हत्तीचे मुंडके दिसते, कधी तारे, तर नंतरच्या तिकिटांत अशोकस्तंभाचा शीर्षभाग दिसतो. कडेच्या दात्यांची संख्या दोन सेंटिमीटर लांबीत मोजतात आणि त्यासाठी खास मोजपट्टी मिळते.

आता स्थिती तपासावी. तुटलेला दाता, घडी, मागून कागद सोलल्यामुळे पातळ झालेला भाग, आणि खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात पडणारे तपकिरी ठिपके यांमुळे किंमत झपाट्याने घसरते. चित्र झाकून टाकणारा काळाकुट्ट शिक्का नुकसानकारक असतो, तर कोपऱ्यावरचा हलका, वाचता येणारा शिक्का हवाहवासा असतो.

कॅटलॉगमध्ये कोऱ्या आणि वापरलेल्या तिकिटांचे भाव वेगवेगळ्या रकान्यांत असतात. आपला रकाना वापरलेल्यांचा आहे, आणि घाईत नेमका दुसराच पाहिला जातो. शिवाय तो भाव चांगल्या स्थितीतील तिकिटाचा आणि विक्रेत्याने मागायचा असतो. त्या विक्रेत्याला आपले तिकीट विकणाऱ्याच्या हातात त्याचा काही अंशच पडतो. म्हणून ऑनलाइन मागितलेल्या किमतीपेक्षा लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या किमती पाहाव्यात. १८५२चे सिंध प्रांताच्या टपालाचे ‘सिंद डाक’ तिकीट, १८५४चे व्हिक्टोरिया राणीचे डोके उलटे छापलेले चार आण्यांचे तिकीट किंवा १९४८चे ‘सर्व्हिस’ छापलेले दहा रुपयांचे गांधी तिकीट आपल्याकडे आहे असे वाटले, तर तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय खरेदी-विक्रीची बोलणी करू नयेत, कारण अशा तिकिटांच्या नकला फार असतात.

विक्रेत्याकडे जाण्याआधी तिकिटाचे पुढून आणि मागून छायाचित्र काढून ठेवावे, किमान दोघांकडून भाव घ्यावा, आणि तोपर्यंत तिकीट चिमट्यानेच हाताळून कोरड्या जागी, अल्बममध्ये उभे ठेवावे.