अस्थिर बाजारात ईटीएफ कसा घ्यावा?

जागतिक बाजार डळमळीत असताना ईटीएफ (शेअर बाजारात समभागाप्रमाणे खरेदी-विक्री होणारा फंड) घ्यायचा असेल, तर येत्या तीन-चार वर्षांत लागणारी रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांचाच विचार करावा. निवड व्यापक निर्देशांकावरच्या, भरपूर उलाढालीच्या फंडाची करावी. लिव्हरेज्ड फंड (निर्देशांकाच्या चढउताराच्या काही पट परतावा देऊ पाहणारे) रोजच्या चढउतारावर बेतलेले असल्याने ते दीर्घकाळ बाळगण्याच्या कामाचे नाहीत.

खरी काळजी खरेदीच्या क्षणी घ्यावी लागते. ईटीएफचा बाजारभाव आणि त्याचे निव्वळ मालमत्ता मूल्य (फंडातील समभाग-रोख्यांची प्रति युनिट किंमत) यांतील तफावत एरवी फंडाशी थेट व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्था युनिट तयार करून किंवा परत करून मिटवतात, पण घबराटीत ती रुंदावते. मार्च २०२० मध्ये कर्जरोख्यांचे कित्येक मोठे ईटीएफ मूल्यापेक्षा बऱ्याच कमी भावाने विकले जात होते. समजा, सूचक मूल्य (निव्वळ मालमत्ता मूल्याचा त्या क्षणीचा अंदाज) १०० आहे, खरेदीदार ९९.२० देऊ करतो आणि विक्रेता १०१.१० मागतो, अशा वेळी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने लगेच खरेदी) टाकणाऱ्याला युनिट किमान १०१.१० ला पडते. त्यापेक्षा १००.२० ची लिमिट ऑर्डर (त्याहून जास्त भाव न देण्याची अट) लावून थांबावे. सौदा झाला नाही तरी काही बिघडत नाही. बाजार उघडतानाची व बंद होतानाची काही मिनिटे टाळावीत, आणि परदेशी समभागांचा ईटीएफ शक्यतो तिकडचा बाजार चालू असताना घ्यावा.

रक्कम हप्त्यांनी गुंतवावी, मात्र प्रत्येक सौद्याला किमान दलाली लागत असल्यास हप्ते फार लहान ठेवू नयेत. समभाग आणि रोखे यांचे ठरवलेले प्रमाण, उदाहरणार्थ, पाच टक्क्यांहून अधिक ढळले तरच फेरजुळणी करावी. ठळक बातम्या वाचून नव्हे.