कारखान्यामागची जमीन नासली असेल तर अर्ज कसा लिहायचा

आपल्या नागपूरजवळ हिंगण्याकडे, बुटीबोरीकडे बांधाला केमिकलचा गाळ पडलेला दिसला की आपण सगळे अर्जात एकच लिहितो, साहेब लय वास येते. पण सफाईचा नंबर वासावर लागत नाही. विष कोणतं आणि किती, ते कशातून पसरून राहिलं आणि शेवटी कोणाच्या पोटात जाते, या तीन गोष्टींवर लागतो. अमेरिकेत तर याचे मार्कच काढतात, १०० पैकी २८.५० पडले की जागा सफाईच्या राष्ट्रीय यादीसाठी पात्र, आणि त्यात भूजल, नदीनाले, माती, हवा असं सगळं वेगवेगळं तपासतात.

म्हणून अर्जात जोर पाण्यावर द्या. मामाच्या विहिरीच्या वेळी मी आधी दीड पान गाळाच्या रंगावरच लिहिलं होतं, विहिरीचा उल्लेखच नाही, आणि तो कागद तसाच पडून राहिला. मग गाळापासून विहिरीपर्यंत चालत गेलो, १४० पावलं भरली. त्या पाण्यावर ११ घरं आणि एक अंगणवाडी. पाणी स्टीलच्या गिलासात रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाला पिवळा थर आणि वर तेलकट तवंग, त्याचे तारखेसकट फोटो काढले आणि जोडले. उतार कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी गाळ घेऊन सरळ त्यातूनच खाली जाते.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसला. कारण जुलै २०२५ च्या दूषित जागांच्या नियमांप्रमाणे संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची असते, मग मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते आणि त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर. पैसा ज्याने घाण केली त्याचा, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारचा. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डासारखा घनकचरा आणि खाणींचा कचरा यात सहसा येत नाही, त्याचा वेगळा अर्ज करा.

प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. आणि तपासणी होईपर्यंत त्या विहिरीचं पाणी पोरांना देऊ नका, उकळून केमिकल जात नाही.