नव्या .32 ची काडतुसं: घ्यायची कशी, जपायची कशी आणि घरी का भरायची नाहीत

नवं .32 चं (हे नळीचं इंचातलं माप) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घरात आलं की थोड्याच दिवसांत काडतुसांच्या किमतीवरून कुरकुर सुरू होते. मग मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दिसतात. टेबलावर काडतूस दाबून बसवायचं प्रेस, बाजूला रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) आणि वजनाचा बारीक काटा, अन् घरबसल्या भरलेली काडतुसं. तिथल्या कायद्यात ते बसतं, आपल्या कायद्यात बसत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच मोडतात, त्यामुळे 'नुसतं मशीन आणून ठेवलंय' ही सबबही चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गणित जमत नाही. पिस्तुलाच्या काडतुसात दारू अगदी थोडी असते आणि पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते, वरून काही कळत नाही आणि चकरी (रिव्हॉल्व्हरचा काडतुसं बसतात तो फिरता भाग) किंवा नळी फुटते. दारू पडायचीच राहिली तर नुसत्या टोपीच्या (पुंगळीच्या तळाशी असलेली, ठोका बसताच पेटणारी) जोरावर गोळी निम्म्या नळीपर्यंत जाऊन अडकते, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी बोटं पणाला लावण्यात काही शहाणपण नाही. परवानाधारकाच्या हातात खरं असतं ते योग्य काडतूस निवडणं, ते नीट ठेवणं आणि वेळेवर बदलणं. याच तीन गोष्टींत बहुतेकांचं चुकतं.

दोन .32 आहेत

दुकानात 'बत्तीसची द्या' एवढंच सांगून चालत नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .32 स्मिथ अँड वेसन लाँग. त्याची पुंगळी साधारण 23 मिमी लांब आणि तळाला ठळक कडा. पिस्तुलाचं म्हणजे .32 एसीपी. त्याची पुंगळी 17 मिमीच्या आसपास आणि कडा अगदी पुसट. गोळीची जाडी जवळपास सारखीच असल्यामुळे पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चकरीत शिरतं, आणि 'बसतंय की' म्हणून लोक उडवतातही. पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो. जुन्या, ढिल्या झालेल्या चकरीला तो सोसेलच असं नाही. पुंगळीच्या तळावर 'केएफ' छाप दिसला तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. हा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

खरेदी फक्त परवानाधारक गन हाऊसमधून. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराने नोंद आपल्यासमोर केली का ते पाहा, पावतीवरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) खोक्यावरच्या नंबराशी जुळवा आणि खोकं फेकू नका. उद्या दोन काडतुसं फुटली नाहीत तर तो लॉट नंबरच कामाला येतो. रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा. हिशोब मागितला गेला तर त्याच दाखवाव्या लागतात. 2025 मध्ये बीड जिल्ह्यात परवान्यांची झडझडून छाननी झाली, तेव्हापासून हे वेगळं सांगायची गरज उरलेली नाही.

साठवण: ऊन, चामडं आणि गोठा

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-44 च्या घरात असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. एखाद्या दिवसाने काडतूस आपोआप उडत नाही, पण उन्हाळाभर तसं ठेवलं तर दारू बिघडत जाते आणि बाराचा भरवसा राहत नाही. घरातली सगळ्यात थंड, कोरडी भिंत शोधा. पत्र्याच्या खोलीतलं कपाट नको.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं खोचून ठेवायची हौस फार. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेशी लागून हिरवा थर आणतात. तो थर चकरीत चिकटला की पुंगळी बाहेर निघत नाही. पट्टा बाहेर जातानाच, घरी आलं की काडतुसं परत खोक्यात. रिव्हॉल्व्हरही होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नये. पावसाळ्यात चामडं ओल धरून बसतं आणि आठवड्याभरात गंज दिसू लागतो.

शेतावरच्या आखाड्यात (शेतातल्या खोलीत) ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पितळेचा खरा वैरी अमोनिया. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकल्या होत्या. जनावरांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो परिणाम होता. आपल्याकडे गोठ्याची भिंत आणि युरियाची पोती हेच काम करतात. तडकलेली पुंगळी बाराच्या वेळी फाटते आणि वायू मागे येतो. म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि डबा गोठा, खत, फवारणीची औषधं यांच्यापासून लांब ठेवा. पितळ चमकवायची पॉलिश काडतुसाला लावू नका, तिच्यात बहुधा अमोनिया असतो. डबा आणि शस्त्र वेगवेगळ्या कुलपांत, किल्ल्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा.

तेल कमी, चिंधी जास्त

साफ करण्याआधी शस्त्र रिकामं करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पिस्तुलाची आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायची, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं वरचं काडतूस परत आत जातं, आणि 'रिकामं होतं' असं म्हणत झालेले अपघात असेच होतात. काडतूस बसतं त्या जागी, मागच्या बाजूने, डोळ्याने आणि करंगळीनेही खात्री करा.

.32 चा पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून नळीतून आठ-दहा वेळा आरपार. मग सुती चिंध्या, शेवटची स्वच्छ येईपर्यंत. रिव्हॉल्व्हरला सळई पुढून घालावी लागते, तेव्हा ती नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. ती कड झिजली की नेम गेलाच. चकरीच्या मागच्या चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणारा चांदणीसारखा भाग) दारूचे न जळलेले कण साचतात आणि चकरी अडखळते. जुना टूथब्रश तिथे पुरतो. काळ्या रानातला फुफाटा आणि जास्तीचं तेल मिळून चिकट काला होतो, म्हणून नळीत दोन थेंब, बिजागऱ्यांना एकेक. चकरीची घरं कोरडी पुसा. पातळ झिरपणारं तेल टोपीत शिरलं तर काडतूस मेलं.

काडतूस उडलं नाही तर

रेंजवर चाप ओढला आणि नुसता 'टक' झाला, तर नळी निशाणाकडेच धरून 30 सेकंद थांबा. रिव्हॉल्व्हरचा चाप लगेच परत ओढू नका. ते काडतूस उशिरा पेटलं तर तोपर्यंत नळीसमोरून सरकलेलं असेल. नंतर टोपीवरचा ठसा पाहा. ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा, उथळ असेल तर घोड्याच्या स्प्रिंगचा किंवा आत साचलेल्या मळीचा. आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढचा बार अजिबात नको. शस्त्र रिकामं करा, नळीत सळई घालून बघा. गोळी अडकलेली असेल तर कारागिराकडे द्या, घरी ठोकाठोकी नको.

पिस्तूलवाल्यांची आणखी एक खोड. रोज सकाळी तेच काडतूस आत भरायचं, रात्री काढायचं. दर वेळी गोळीचं नाक आपटतं आणि ती हळूहळू पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. शेजारी नवं काडतूस उभं करून लांबी ताडा. जरा जरी आखूड वाटलं तर ते बाजूला. तीन-चारदा आत-बाहेर झालेलं काडतूस सरावासाठीच.

सराव म्हणजे मान्यताप्राप्त रेंजवर. वरातीत हवेत बार काढला तर 2019 पासून 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

डाग पडलेली, दबलेली, हिरवी झालेली काडतुसं विहिरीत टाकू नका, शेकोटीत तर नकोच. गन हाऊस किंवा पोलीस ठाण्यात नगाने मोजून द्या आणि पोच घ्या. निवडणुकीत शस्त्र जमा करतानाही तसंच. देण्याआधी आतून-बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवा आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक स्वतः वाचून घ्या. परत मिळाल्यावर नळी कोरडी पुसल्याशिवाय काडतूस भरू नका.