हिमवादळात पिस्टनबुली चालवताना

वास्कोच्या सड्यावरच्या ध्रुवीय केंद्रातून अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर निघालायस, तिथे पिस्टनबुली, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी, चालवशील, तर एवढं ध्यानात ठेव. आषाढात चोर्ला घाटात धुकं उतरलं तरी पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो. मैत्रीकडे हिमवादळात मात्र आभाळ नि जमीन एकच पांढरी होते, आपल्याच गाडीचं पुढचं पातं दिसत नाही. तेव्हा थांबायचंच. जीपीएसवरची आखलेली वाट सोडू नकोस, बर्फाखाली भेगा असतात. वॉकीटॉकीवर जागा कळव.

इंजिन चालू असेल तर सायलेन्सरपाशी बर्फ साचू देऊ नकोस, विषारी धूर केबिनमध्ये भरतो. साफ करायला उतरताना कमरेचा दोर गाडीला बांध. दहा पावलांवर माणूस हरवतो. आणि हातमोजा काढून कडी धरू नकोस. माझ्या अंगठ्याची कातडी तिथेच चिकटून राहिली होती.